सव्वीस जानेवारी : प्रतिज्ञेचा दिवस, घटनेचा दिवस

आपल्या राष्ट्रीय सणांपैकी १५ ऑगस्ट ही तारीख आपण ठरविलेली नाही. जून १९४८ पर्यंत सत्तांतर व्हावे, असे ब्रिटिश सरकारने आधी जाहीर केले होते. ती मुदत अलीकडे ओढून १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस लॉर्ड माउंटबॅटन यांनी मुक्रर केला आणि त्यामागचे कारणही पुढे त्यांनीच सांगितले. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपानने शरणागती पत्करली होती, आणि आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सरसेनापती या नात्याने तो दिवस त्यांच्या मनात घर करून होता. म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या तारखेला एका परक्या सेनानीच्या विजयाची आठवण चिकटलेली आहे. २६ जानेवारीचे तसे नाही. ही तारीख या देशाने स्वतः निवडली, वीस वर्षे जिवापाड जपली, आणि राज्यघटना लिहून तयार झाल्यावरही दोन महिने थांबून त्या तारखेशीच तिची गाठ घातली. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा या तारखेची कुळकथा सांगावी असे वाटले. झेंडावंदन आपण सगळेच करतो. परंतु ते २५ किंवा २७ तारखेस का नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

डिसेंबर १९२९ मध्ये रावीकाठी लाहोर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यापूर्वी वर्षभर, कलकत्ता अधिवेशनात ठरल्याप्रमाणे, वसाहतीचे स्वराज्य मान्य करण्यास सरकारला मुदत दिलेली होती. ती मुदत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री संपली आणि पूर्ण स्वराज्य हे राष्ट्रीय सभेचे ध्येय ठरले. पूर्ण स्वातंत्र्याची मागणी तेव्हा काही नवी नव्हती. मौलाना हसरत मोहानी यांनी १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात ती मांडली होती आणि तेव्हा ती फेटाळली गेली होती. १९२९ चे वेगळेपण हे, की या वेळी ठराव कागदावर ठेवून मंडळी घरी गेली नाहीत. तो ठराव खेडोपाडी पोचवून लोकांच्या तोंडून वदवून घ्यावयाचा, असे ठरले, आणि कार्यकारिणीने जानेवारीच्या आरंभी त्यासाठी दिवस नेमला : २६ जानेवारी १९३०. त्या दिवशी जानेवारीतील शेवटचा रविवार होता, एवढेच. कोणाची जयंती नव्हती, पुण्यतिथी नव्हती, पंचांगातला मुहूर्त नव्हता. कचेऱ्या आणि कारखाने बंद असतात, माणसे घरी असतात, असा एक साधा सुटीचा वार. ज्या तारखेवर आज तोफांची सलामी झडते, तिची निवड अशा घरगुती हिशेबाने झाली, हे मला तरी फार आवडते.

तो दिवस साजरा कसा करावयाचा, याविषयी गांधीजींनी सूचना लिहिल्या होत्या. गावेच्या गावे एकत्र यावीत, सभा शक्यतो सर्वत्र एकाच क्षणी भराव्यात, प्रतिज्ञा वाचली जावी, आणि उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यसेवा, हिंदु-मुसलमानांचे ऐक्य, दारूबंदी अशा एखाद्या विधायक कामात जावा. भाषणे करू नयेत, हे त्यातील सर्वांत अवघड पथ्य! आपल्या सार्वजनिक जीवनाची ज्यांना थोडीही ओळख आहे, त्यांना या पथ्याचे मोल कळेल. आणि आश्चर्य असे की ते बव्हंशी पाळले गेले. प्रतिज्ञेचा मसुदा मुख्यतः गांधीजींचाच होता. त्याची देशी भाषांतून भाषांतरे झाली, चौकाचौकांत ती वाचली गेली आणि जमलेल्या लोकांनी हात वर करून संमती दिली. स्वातंत्र्य हा या लोकांचा अविभाज्य हक्क आहे. परकीय सत्तेने देशाची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आत्मिक हानी केली आहे. अशा सत्तेला यापुढे निमूटपणे मान तुकविणे हा मनुष्याचा आणि परमेश्वराचा अपराध होय, असा तिचा आशय होता. पुढच्याच १२ मार्चला साबरमतीहून दांडीयात्रा निघाली.

त्यानंतर प्रतिवर्षी २६ जानेवारी हा ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणूनच पाळला जाई. १९३१ साली त्याच दिवशी गांधीजींची येरवड्याच्या तुरुंगातून सुटका झाली. आणि त्याच दिवशी कलकत्त्याचे महापौर सुभाषचंद्र बोस मिरवणुकीच्या अग्रभागी चालत असता पोलिसांच्या लाठ्यांनी घायाळ होऊन पकडले गेले. एका हाताने दार उघडावे आणि दुसऱ्या हाताने काठी उगारावी, असा तो कारभार! १९३२ मध्ये काँग्रेस बेकायदा ठरली, तेव्हा ही प्रतिज्ञा वाचणे म्हणजे तुरुंगाचे आमंत्रण स्वीकारणेच होते. तरीही दिवस चुकला नाही. सतरा वर्षे हा दिवस म्हणजे मिळालेल्या गोष्टीचा आनंद नव्हे, तर न मिळालेल्या गोष्टीची आठवण होती.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतरचा पहिला २६ जानेवारी मोठा चमत्कारिक ठरला. १९४८ च्या त्या दिवशी दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी प्रश्न केला, की आज आपण कशाचा उत्सव करीत आहोत? स्वातंत्र्य पाहिले नव्हते, हाताळले नव्हते, तोवर हा दिवस पाळणे योग्य होते. आता ते हाती आले आहे आणि निदान आपला तरी भ्रमनिरास झाला आहे, असे ते म्हणाले. फाळणीच्या जखमा त्या वेळी भळभळत होत्या. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांची हत्या झाली.

इकडे घटना परिषदेचे काम सुरू झालेले होते. ९ डिसेंबर १९४६ रोजी तिची पहिली बैठक भरली आणि १३ तारखेस नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. येथे दोन मराठी माणसांचा उल्लेख करणे अवश्य आहे. तो केवळ ती आपली म्हणून नव्हे, तर त्यांच्या वागण्याचा परिणाम घटनेच्या इतिहासावर झाला म्हणून. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी या ठरावाला उपसूचना आणली. मुस्लिम लीग परिषदेबाहेर आहे, संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नाहीत. तेव्हा हा ठराव थोडा पुढे ढकलावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहात त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काँग्रेसचे कडवे टीकाकार म्हणून ख्यातनाम असलेल्या आंबेडकरांनी १७ डिसेंबरला केलेले ते भाषण देशाच्या ऐक्यावरील निष्ठेने इतके ओथंबलेले होते, की त्यांच्याकडे पाहण्याची अनेक सभासदांची दृष्टी त्या दिवशी बदलली. जयकरांनी पुढे उपसूचना मागे घेतली. पण मतदान लांबणीवर पडले आणि ठराव संमत झाला तो २२ जानेवारी १९४७ रोजी.

फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली. जयकरांनी दरम्यान राजीनामा दिल्याने मुंबई प्रांतातील एक जागा रिकामी झालेली होती. परिषदेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांस पत्र लिहून आंबेडकरांस त्या जागी निवडून पाठविण्याचा आग्रह केला आणि जुलै १९४७ मध्ये ते निवडून आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात सभासद होते, परंतु टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहातच सांगितल्याप्रमाणे कोणी निवर्तले, कोणी परदेशी होते, कोणी राज्यकारभारात गुंतले, कोणी दिल्लीपासून दूर राहिले, आणि अखेर सगळा भार एकट्या आंबेडकरांवर आला. घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे ऋण मात्र स्वतः आंबेडकरांनी मनःपूर्वक मानले आहे. ते विसरून आपण फक्त जयजयकार करावा, हे त्यांनाही रुचले नसते.

घटना परिषदेची अकरा सत्रे झाली, १६५ दिवस बैठका चालल्या. मसुद्यावर सुमारे ७,६०० सुधारणा सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमे व ८ परिशिष्टे असलेली घटना स्वीकृत झाली. त्याच दिवशी ती पूर्णपणे अमलात आणता आली असती. परंतु घटनेच्या ३९४ व्या कलमात एक विचारपूर्वक तजवीज आहे. नागरिकत्व, निवडणूक आयोग, राष्ट्रपतींची शपथ अशा विषयांची मोजकी कलमे ताबडतोब लागू व्हावीत, आणि उरलेली सर्व घटना २६ जानेवारी १९५० पासून. यातून एक गंमत अशी निष्पन्न झाली, की भारतीय माणूस नागरिक झाला तो प्रजासत्ताक जन्मास येण्याच्या दोन महिने आधी.

पण याच ठिकाणी एक पेच आहे, आणि या तारखेचे खरे रहस्य मला त्यातच दिसते. घटना स्वीकृत होण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, आंबेडकरांनी समारोपाचे भाषण केले. त्यात त्यांनी स्पष्ट बजावले, की सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तोवर कायदेभंग, असहकार, सत्याग्रह यांचे समर्थन होऊ शकत होते. यापुढे ते करता येणार नाही, कारण हे मार्ग अराजकाकडे नेणारे आहेत. आता पाहा : ज्या तारखेला ही घटना अमलात यावयाची होती, ती तारीखच मुळी अन्यायी सत्तेपुढे मान न तुकविण्याच्या प्रतिज्ञेची! कायदा मोडण्याच्या निर्धाराला ज्या दिवशी तोंड फुटले, त्याच दिवशी कायद्याच्या राज्याची स्थापना. काही टीकाकारांना ही विसंगती वाटते. मला तसे वाटत नाही. १९३० च्या प्रतिज्ञेत सत्ता झुगारून देण्याचा हक्क सांगितला होता तो ती सत्ता लोकांच्या संमतीवाचून उभी होती म्हणून. आणि आंबेडकरांची अट हीच होती, की संमतीचे मार्ग खुले असले पाहिजेत. ते खरोखर खुले आहेत की नाहीत, हे ज्याचे त्याने २६ जानेवारीला स्वतःस विचारावयाचे आहे. त्याच भाषणात आंबेडकरांनी सांगून ठेवले होते, की २६ जानेवारी १९५० रोजी आपण एका विसंगतीने भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत : राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. राष्ट्रीय सणाच्या तारखेविषयी त्या सणाच्या शिल्पकारानेच आधी दोन महिने इतके कठोर बोलून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

२४ जानेवारी १९५० रोजी परिषदेची शेवटची बैठक झाली. राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती म्हणून अविरोध निवडले गेले, ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून आणि ‘वंदे मातरम्’ त्याच्या बरोबरीच्या मानाचे गीत म्हणून जाहीर झाले, आणि २८४ सभासदांनी घटनेच्या प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी इंग्रजी प्रत स्वहस्ते लिहिली होती. मानधन न घेता, मात्र प्रत्येक पानावर आपले नाव असावे या अटीवर. पानांची सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे शिष्य यांची. त्या चित्रांत शिवछत्रपती आणि गुरू गोविंदसिंग एकाच पानावर आहेत, राणी लक्ष्मीबाई आणि टिपू सुलतान दुसऱ्या पानावर. आपल्याकडे पुढे जे वाद झाले आणि होतात, त्यांच्या पार्श्वभूमीवर ही पाने एकदा जरूर पाहावीत.

२६ जानेवारी १९५० हा गुरुवार होता. सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी दरबार हॉलमध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्रजासत्ताकाची घोषणा वाचली; सहा मिनिटांनी राजेंद्रप्रसादांनी सरन्यायाधीश हरिलाल कनिया यांच्यासमोर शपथ घेतली आणि ३१ तोफांची सलामी झाली. तोवर हा देश कायद्याच्या दृष्टीने सहाव्या जॉर्ज राजाचा ‘डोमिनियन’ होता, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. दुपारी राष्ट्रपतींची बग्गी इर्विन स्टेडियमवर गेली. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकर्णो पाहुणे होते. टपाल खात्याने त्या दिवशी चार तिकिटे काढली. जल्लोष करणारा जमाव, दौत-लेखणी, नांगर व कणीस, आणि चरखा अशी त्यांवरील चित्रे होती. त्यांत एकही तोफ नव्हती, एकही बंदूक नव्हती.

शस्त्रे पुढे आली ती संचलनात. १९५४ पर्यंत संचलनाची जागाही पक्की नव्हती; १९५५ पासून ते राजपथावर होऊ लागले. त्या वर्षीचे पाहुणे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम महंमद होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२२ मध्ये राजपथाचे नाव कर्तव्यपथ झाले. चित्ररथ, लोकनृत्ये, २९ तारखेचा ‘बीटिंग रिट्रीट’ हे सारे दूरचित्रवाणीमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचे वर्णन नको. महाराष्ट्राच्या चित्ररथाला २०१५ मध्ये पंढरीच्या वारीसाठी आणि २०१८ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी पहिला क्रमांक मिळाला, तेव्हा आपल्या ऊर भरून आलेल्या मंडळींनी परस्परांना पेढे वाटले असतील, त्याला माझी ना नाही. पण मराठी घराशी संबंध असलेली एक अधिक मोलाची गोष्ट त्या मानाने अज्ञात आहे. परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजीच झाली आणि त्याचा नमुना सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. जन्माने त्या युरोपीय होत्या; विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या येथल्या झाल्या आणि संस्कृत, पुराणे, चित्रकला यांत रमल्या. पदकावरचे इंद्राचे वज्र म्हणजे दधीची ऋषीने आपल्या अस्थी देऊन घडविलेले शस्त्र. ही कल्पना त्यांची. योगायोग असा, की पहिले परमवीरचक्र मरणोत्तर ज्यांना मिळाले ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या कन्येचे दीर होते.

आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील लोकांना ‘प्रजासत्ताक’ हा शब्द थोडा निरखून पाहण्यासारखा आहे. शेजारचे हिंदीभाषक ‘गणतंत्र दिवस’ म्हणतात. आपण ‘प्रजा’ हा शब्द सोडला नाही. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे येथील मराठी घराण्यांचे पूर्वज शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांच्या पदरी आले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची प्रजा म्हणून राहिले. चांगल्या राजाची प्रजा असणे हेही एक सुख असते. सयाजीरावांच्या बडोद्याने ते पाहिले. तथापि ते सुख राजाच्या स्वभावावर अवलंबून होते. बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. मध्यभारतात जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. आणि मराठवाड्यातील लोक ज्याच्या राज्यातून नुकते सुटले होते, त्या निजामानेही २६ जानेवारी १९५० रोजी राजप्रमुख म्हणून याच घटनेची शपथ घेतली. त्या दिवशी ‘प्रजे’च्या पुढे ‘सत्ता’ हा शब्द लागला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते, तर सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. कारण अमक्याची बायको किंवा तमक्याची आई यापलीकडे स्वतःचे नाव सांगण्यास त्या तयार नव्हत्या. सत्ता मिळाली तरी नाव उच्चारायला वेळ लागतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपण ‘घटना’ म्हणतो तेव्हा हिंदी प्रांतातला माणूस दचकून, काय अपघात झाला, असे विचारतो! ‘संविधान’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे आणि तो अधिक सुरक्षित आहे. परंतु ‘घटनेचे शिल्पकार’ या शब्दप्रयोगात जी बांधणीची, घडणीची छटा आहे ती सोडवत नाही.

या घटनेशी आपला, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा, एक खास व्यवहार आहे. भारताचे नागरिकत्व एकच आहे, प्रांताचे वेगळे नाही. १९ व्या कलमाने देशात कोठेही जाण्याचा, कोठेही वस्ती करण्याचा आणि संस्था स्थापण्याचा हक्क दिला आहे. २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा. आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे यासाठी ३५० क हे कलम आले. यांतील शेवटचे कलम पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिले आणि मराठी शाळा एकामागून एक बंद पडल्या, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. त्यात दोष सगळा सरकारचा नाही. मुलांना त्या शाळांत न घालणारे आपणच होतो. मात्र मंडळाचे ग्रंथालय, गणेशोत्सव, नाट्यमहोत्सव हे कोणाच्या मेहेरबानीने चालत नाहीत, हक्काने चालतात.

महाराष्ट्राबाहेरील मंडळांनी २६ जानेवारीला स्वतःचा एक वेगळाच आकार दिला आहे. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान हा हमखास सुटीचा दिवस येतो. म्हणून सकाळी झेंडावंदन, मग मुलांच्या शर्यती, जिलेबी, दुपारी हळदीकुंकू आणि तिळगूळ, असा सारा सोहळा एकाच दिवशी उरकला जातो. यात कोणी नाक मुरडू नये. १९३० मध्येही हा दिवस माणसे घरी असतात म्हणूनच निवडला होता.

मला खटकते ते निराळे. १९३० पासून सतरा वर्षे हा दिवस वाचण्याचा होता. एक मजकूर सर्वांनी मिळून, आपापल्या भाषेत, मोठ्याने वाचावयाचा आणि हात वर करावयाचा. १९५० नंतर तो पाहण्याचा झाला. वाचन परत आले ते अलीकडे, आणि आडवाटेने. २६ नोव्हेंबर हा दिवस वकील मंडळी १९७९ पासून विधी दिन म्हणून पाळीत. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षात, २०१५ मध्ये, केंद्र सरकारने तो संविधान दिन ठरविला आणि उद्देशिकेच्या सामुदायिक वाचनाची प्रथा सुरू झाली. महाराष्ट्रातील शाळांत २६ जानेवारी २०२० पासून ती रोज वाचली जावी, असे ठरले. हिंदी उद्देशिकेत २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेबरोबर मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, विक्रम संवत २००६ ही मितीही दिलेली आहे. शिवजयंती तिथीने की तारखेने, यावर तावातावाने भांडणाऱ्या आपल्या लोकांना ही दुसरी तिथी अद्याप सापडलेली दिसत नाही. उद्देशिकेचा मराठी पाठ वाचावयास दोन मिनिटेही लागत नाहीत; झेंडावंदन आणि जिलेबी यांच्या मध्ये तेवढा अवकाश असतो.